मारिकिनाचं रिव्हॉल्वर

आज डॅलसजवळच्या इनडोअर रेंजवर मित्राचं नवं रिव्हॉल्वर चालवलं. रॉक आयलंड एम-200, .38 स्पेशल काडतुसाचं, सहा गोळ्यांचं, चार इंची नळीचं. फिलिपिन्समधल्या मारिकिना शहरात आर्मस्कोर कंपनी हे बनवते. नावाजलेल्या अमेरिकन रिव्हॉल्वरपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि खरं सांगतो, पैसा वसूल!

दिसायला अगदी साधं, चकाकी नाही. सिलिंडर उघडायचा खटका कोल्टसारखा मागे ओढायचा (स्मिथ अँड वेसनचा पुढे ढकलतात). अंगठ्याने घोडा (मागची हातोडी) चढवून मारलं की ट्रिगर हलका लागतो. पण खरा कस डबल अ‍ॅक्शनमध्ये. तिथे एकाच ओढीत ट्रिगर सिलिंडरही फिरवतो, घोडाही चढवतो आणि सोडतोही. ती लांब, जड ओढ संपेपर्यंत पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) जागची हलू द्यायची नाही. एवढं जमलं की बाकीचं आपोआप येतं.

आम्ही वॉडकटर वापरल्या. सपाट तोंडाची गोळी, कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते. धक्काही सौम्य.

मी कोल्हापूरचा. 2018 च्या जाकार्ता एशियाडमध्ये आमच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे. माझं मत पक्कं झालंय: नवशिक्याने बंदूक स्वस्तातली घ्यावी, उरलेले पैसे काडतुसांवर घालावेत.

डॅलसमधल्या कुणाला पुढच्या वेळी यायचं असेल तर मेसेज करा. चष्मा आणि कानाचे मफ माझ्याकडे जास्तीचे आहेत.