पानाचा दर आणि तासाचा हिशेब : आमची वाटचाल

मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी व मांडणी करण्याचा आमचा व्यवसाय सांगलीतील राहत्या घरातून चालतो. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांपासून उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांपर्यंतचे सारे काम ऑनलाइन येते आणि ऑनलाइनच परत जाते. 2011 साली मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघींनी एक संगणक, श्रीलिपी हे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर आणि पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर यांवर सुरुवात केली. पुढे इनडिझाइन हे पाने लावण्याचे नवे सॉफ्टवेअर 2012 च्या सीएस6 आवृत्तीपासून युनिकोड (कोणत्याही संगणकावर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) देवनागरीची जोडाक्षरे हाताळू लागले, तेव्हा आम्ही हळूहळू तिकडे वळलो. ती वर्षे सुरळीत गेली.

2017 च्या दिवाळी अंकांच्या हंगामात मात्र व्यवसाय बंद करण्याची वेळ आली होती. आमचा दर डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या, पानाला 60 रुपये होता. पुण्यातील एका व्यावसायिकाने आमच्या ग्राहकांना 35 रुपयांचा दर कळवला आणि आमच्याकडील निम्मे काम त्या एका पावसाळ्यात निघून गेले. सर्वांत मोठ्या प्रकाशकाने तर जाताना आधीच्या तीन पुस्तकांची बिलेही थकवली. डेमी पानात साधारण तीनशे शब्द मावतात. हस्तलिखितावरून ते टंकित करणे, पान लावणे आणि प्रुफाच्या (तपासणीसाठी काढलेल्या पानांच्या) दोन फेऱ्यांतील दुरुस्त्या उतरवणे यांस जाणत्या हातालाही पाऊण तास लागतो. म्हणजे आमचाच दर तासाला 80 रुपये पडत होता आणि त्या गृहस्थांचा 50 रुपयांच्याही खाली. हा दर त्यांना परवडत होता तो केवळ एका कारणाने: युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ते कन्व्हर्टर या आपोआप रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये नेत आणि पुन्हा न वाचता पाने लावून देत.

अशा मजकुराचे काय होते, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा सोडते, ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. त्या हंगामाच्या अखेरीस गेलेल्या ग्राहकांपैकी दोघांनी तीच पाने आमच्याकडे पाठवली आणि ‘फक्त एकदा नजर टाका’ असे कळवले. दोनशे पानांवर नजर टाकणे म्हणजे दोन दिवसांचे काम असते. आम्ही तासाच्या दराने अंदाजपत्रक पाठवले, तेव्हा ‘तुम्ही घरूनच तर काम करता’ असे उत्तर आले. ते वाक्य मला आजही बोचते. घरात बसून केलेल्या कामाचा तास दुकानात बसून केलेल्या तासापेक्षा लहान नसतो.

त्या काळात कोकणातून दिवाळी अंक काढणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याबरोबर ठाम राहिले. आम्ही त्यांना सर म्हणतो. ते प्रुफे लाल शाईने तपासतात, प्रत्येक फेरीवर तारीख घालतात आणि सगळ्या शंका एकत्र लिहून आठवड्यातून एकदाच दूरध्वनी करतात. इतर ग्राहक दुरुस्त्यांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री-अपरात्री एकेक करून पाठवत. अमेरिकेतल्या मंडळींचा तर दिवसच आमच्या रात्री सुरू होतो. आमचे बिल पाहून सरांनीच विचारले, ‘तिसऱ्या फेरीत मी लेखात दोन परिच्छेद वाढवले, त्यामुळे पुढची सगळी पाने सरकली, अनुक्रमणिका बदलली. तो वेळ यात कुठे आहे?’

त्यानंतर माझ्या जावेने कामाची वही सुरू केली. कोणत्या कामाला किती वेळ लागला, त्यातला टंकनाचा किती, मांडणीचा किती, बोलण्याचा किती आणि लेखकाने ऐनवेळी बदललेल्या मजकुराचा किती, हे ती रोज लिहिते. त्या वहीवरूनच आजचे दरपत्रक तयार झाले. पानाच्या दरात प्रुफाच्या दोन फेऱ्या येतात. आमच्या हातून राहिलेली चूक कितव्याही फेरीत विनामूल्य दुरुस्त होते. मूळ मजकुरातला बदल तिसऱ्या फेरीपासून तासाला 300 रुपये या दराने आकारला जातो. हे दरपत्रक पाहून काही ग्राहक गेले, पण राहिलेल्यांच्या दुरुस्त्या एकत्र आणि वेळेवर येऊ लागल्या.

घरून काम करणाऱ्या नव्या मुलामुलींना एक गोष्ट आग्रहाने सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते, ती आधी करा आणि बिलावर तिचा क्रमांक घाला. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. थकलेल्या बिलामागे केलेले दूरध्वनी आणि स्मरणपत्रे हाही तुमचाच वेळ असतो, म्हणून मुदत कामाच्या पहिल्याच पत्रात लिहा. आमची ती तीन बिले अजून वसूल झालेली नाहीत, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते.

यंदाच्या दिवाळी अंकांचा मजकूर गणेश चतुर्थीपूर्वी पोहोचल्यास नेहमीचा दर लागू राहील. त्यानंतर आलेल्या मजकुराला दीडपट दर पडेल, आणि जाहिरातींच्या पानांनाही हाच नियम आहे.