बंद पडलेल्या बंदुकीचे २५ डॉलर

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या गावांमध्ये अधूनमधून एखाद्या शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागते. लोक घरातल्या बंदुका पोलिसांना द्यायला आलेले असतात. राज्याच्या ॲटर्नी जनरलचं, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याचं, कार्यालय आणि स्थानिक पोलीस मिळून हे ‘गन बायबॅक’ भरवतात. नाव विचारत नाहीत, ओळखपत्र मागत नाहीत, बंदूक कुठून आली याचीही चौकशी नाही. बदल्यात गिफ्ट कार्ड मिळतं. असॉल्ट रायफल किंवा घोस्ट गनला (सुटे भाग जोडून केलेली, नोंदीचा नंबर नसलेली बंदूक) ५०० डॉलर, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला १५०, साध्या रायफलीला किंवा शॉटगनला ७५, आणि चालतच नसलेल्या, पुराण्या किंवा नकली बंदुकीला २५.

मोडक्या बंदुकीला पैसे कशाला, अशी या शेवटच्या २५ डॉलरवर इथे टीका होते. मला मात्र तो दर फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे घरात बंदूक असणं हीच मुळात अपवादाची गोष्ट. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, एवढाच आपला तिच्याशी संबंध. अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, असा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा २०१७ सालचा अंदाज आहे. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. त्यांतल्या कितीतरी कपाटात, गॅरेजमध्ये, पलंगाखालच्या पेटीत नुसत्या पडून असतात. ज्याने हौसेने घेतल्या तो माणूस गेलेला असतो आणि मागे राहिलेल्यांना त्या उघडताही येत नाहीत.

माझ्या शेजारच्या आजींचं नेमकं हेच झालं होतं. आजोबा गेले, त्यांची रिव्हॉल्व्हर आणि एक शॉटगन घरात राहिली. न्यूयॉर्कमध्ये रिव्हॉल्व्हरला परवाना लागतो आणि तो आजोबांच्या नावावर. परवानाधारक वारला की घरच्यांनी १५ दिवसांत ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची असते. दुःखात बुडालेल्या घरात हे कुणाच्या लक्षात राहणार? आजींना कळलं तोवर मुदत उलटून गेली होती. पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं तर आपल्यावरच काही बालंट येईल, या धास्तीने त्या गप्प बसल्या. बायबॅकचं पत्रक हातात पडल्यावर म्हणाल्या, “तू नुसता सोबत चल.”

मी गेलो, पण त्या वस्तूंना बोटही लावलं नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने, ठरावीक अपवाद सोडले तर, बंदूक बाळगणं हा इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलांना हे आवर्जून सांगा. मित्राने फोटो काढायला हातात दिली तरी नको म्हणावं. तर, आजींच्या ओळखीतल्या एका शिकाऱ्याने आदल्या दिवशी येऊन दोन्ही बंदुका रिकाम्या करून दिल्या होत्या. रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून किराण्याच्या कागदी पिशवीत, शॉटगन खोक्यात आणि दोन्ही डिकीत. नियमच तसा आहे. गाडी आजींनीच चालवली.

रांगेत आमचा नंबर आल्यावर पोलिसाने खिडकीशी येऊन दोघांनाही गाडीतच बसायला सांगितलं. डिकी त्याने स्वतः उघडली. रिव्हॉल्व्हरचा गोळ्यांचा फिरता भाग बाहेर काढायला त्याला जोर लावावा लागला, इतकं जुनं तेल त्यात सुकून चिकटलं होतं. टॉर्च मारून त्याने सहाही खाने पाहिले, नळीतून प्लॅस्टिकचा पट्टा ओवला आणि ती टेबलाकडे पाठवली. शॉटगनच्या लाकडी दस्त्याला चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. तिचा घोडा मागे ओढला तरी अडकत नव्हता. त्याने दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, “ही २५ची.” आजींच्या हातात १७५ डॉलरची कार्डं आली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाहीत, सरळ पर्समध्ये टाकली. “आता नातवंडं सुट्टीला येतील तेव्हा मला झोप लागेल,” एवढंच बोलल्या.

अशा उपक्रमांनी गुन्हेगारी कमी होते का? नाही, आणि हे मान्य करायलाच हवं. १९७४ साली बाल्टिमोर शहराने बंदुकीमागे ५० डॉलर देऊन १३ हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या, तरी तिथले गोळीबार थांबले नाहीत. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या बायबॅकचा अभ्यास करणारा अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध २०२१ मध्ये आला. बंदुकीचे गुन्हे घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. त्याचं कारण उघड आहे. ज्याला बंदूक वापरायची आहे तो ती १५० डॉलरला देणार नाही, आणि दिली तरी दुकानातून दुसरी आणील. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये तिथल्या पोर्ट आर्थरमध्ये गोळीबाराने झालेल्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या, पण तिथे आधी कायद्याने त्या प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली होती. परत घेणं सक्तीचं होतं.

इथे सगळं ऐच्छिक असल्याने गैरफायदाही घेतला जातो. २०१२ मध्ये शिकागोत बंदूकसमर्थकांच्या एका संघटनेने गंजलेल्या, निकामी बंदुका नेऊन ६,२४० डॉलरची कार्डं मिळवली आणि त्या पैशांतून मुलांच्या नेमबाजी शिबिरासाठी रायफली आणि काडतुसं घेतली. त्याहून वाईट प्रकार २०२२ मध्ये आमच्याच राज्यात, युटिका शहरात घडला. एका माणसाने थ्रीडी प्रिंटरवर बंदुकीचे सुटे भाग छापले, ते बायबॅकमध्ये दिले आणि २१ हजार डॉलर घेऊन गेला. मग ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने नियम बदलले. आता घरी छापलेली वस्तूही २५ डॉलरच्याच रांगेत बसते. दर इतका कमी ठेवला की लबाडी परवडत नाही, आणि आजींसारख्या माणसाला मात्र तेवढं निमित्त पुरतं.

कारण ‘बंद पडलेली’ बंदूक खरंच बंद आहे की नाही, हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं. तिच्यात गोळी आहे का, हेही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. हे मृत्यू बहुतेक गल्लीतल्या टोळीयुद्धात होत नाहीत, घराच्या बंद दाराआड होतात. खचलेल्या क्षणी हाताशी बंदूक नसेल तर तो क्षण टळू शकतो. त्यामुळे एका शनिवारी एका गावात दोनशे घरांतून अशा बंदुका बाहेर पडल्या, तर शहराचा गुन्ह्यांचा आलेख हलला नाही म्हणून मी त्या दिवसाला वाया गेला म्हणणार नाही.

माझा राग आहे तो पुढच्या टप्प्यावर. केंद्रीय नियमांनुसार बंदुकीची नंबर असलेली मुख्य चौकट कापली की ती ‘नष्ट’ झाली. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ मध्ये उघड केलं की विल्हेवाट लावणाऱ्या काही कंपन्या एवढाच भाग नष्ट करतात आणि नळी, चाप, दस्ता असं बाकीचं सगळं विकून टाकतात. ॲरिझोनाने तर २०१३ मध्ये कायदाच केला की बायबॅकमध्ये आलेल्या बंदुका मोडायच्या नाहीत, विकायच्या. एखाद्या विधवेने विश्वासाने दिलेली वस्तू परत बाजारात जावी, हा तिचा सरळ विश्वासघात आहे. याच्या उलट काही चर्चमध्ये ‘गन्स टू गार्डन्स’चे स्वयंसेवक देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करवतीने बंदुकीचे तुकडे करतात आणि लोहार त्या लोखंडाची बागेतली अवजारं घडवतात. प्रत्येक बायबॅकमध्ये हीच पद्धत सक्तीची व्हायला हवी.

तुमच्यापैकी कुणाची मुलं इथे जुनं घर घेत असतील तर त्यांना एक सांगून ठेवा. माळ्यावर, गॅरेजमध्ये बंदूक किंवा काडतुसं निघाली तर ती मोडकी दिसली तरी हात लावायचा नाही, उचलून पोलीस ठाण्यात तर मुळीच न्यायची नाही. खोली बंद करायची, पोलिसांच्या तातडीच्या नव्हे तर साध्या क्रमांकावर फोन करायचा आणि ते येऊन घेऊन जाईपर्यंत मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.