तिघं असले की मधला राहतो

"एका घरातली दोन माणसं पाठोपाठ असली, की पुढच्याचं वजा बिल यादीत राहतंय. बघून घ्या."

हे वाक्य आमच्या तक्रारींच्या नोंदीत चौदा महिने पडून होतं. एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांनी ते फोनवर सांगितलं, सपोर्टच्या मुलीने जसंच्या तसं टाइप केलं, प्रकार म्हणून 'डेटा एन्ट्री' निवडलं आणि दोन दिवसांत तक्रार बंद झाली. बंद करण्याआधी ती ज्यांनी वाचली त्यात मी होते. खाली माझी आद्याक्षरं आहेत.

आमची कंपनी पुण्यात. दूध संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत. लोकांना हा हिशेब सोपा वाटतो, लिटर गुणिले दर. पण दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातला स्निग्धांश आणि त्याशिवायचे घन घटक) ठरतो, सकाळचं आणि संध्याकाळचं दूध वेगळं मोजलं जातं, आणि महिन्यात तीन बिलं निघतात: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 पासून महिनाअखेर. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल, जनावराचा विमा, पतसंस्थेचा हप्ता अशा कपाती होतात. उन्हाळ्यात म्हशी आटल्या की दूध चार-दोन लिटरवर येतं, पण पोत्यांचे पैसे तर कापायचेच असतात. मग बिल वजा जातं. अशा सभासदाला त्या दहा दिवसांत काही मिळत नाही, बाकी पुढच्या बिलात ओढली जाते. आमच्या प्रोग्रामने करायचं इतकंच, की बँकेला पाठवायच्या यादीतून ही वजा बिलं काढून टाकायची.

3 जूनला सकाळी सव्वादहाला त्या संस्थेतून फोन आला. बँकेने अख्खी फाइल परत पाठवली होती. एका ओळीत रक्कम वजा होती आणि अशी एक ओळ असली तरी बँकेची सिस्टिम सगळी फाइल नाकारते. 312 सभासदांचे पैसे अडकले. 21 ते 31 मे, म्हणजे अकरा दिवसांचं बिल, आणि तेही मृगाच्या तोंडावर, बियाणं-खत घ्यायच्या दिवसांत. फोनवरचा मुलगा बदली बसलेला होता. सचिव मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीला दवाखान्यात होते. सपोर्टने त्याला नेहमीचं उत्तर दिलं: "नोंद चुकली असेल, तपासून परत पाठवा." तो म्हणाला, "नोंद बरोबर हाय मॅडम. बिल वजाच हाय. ते यादीत कसं आलं तेवढं सांगा."

या एका प्रश्नामुळे तक्रार माझ्या टेबलापर्यंत आली. सपोर्टच्या पडद्यावर तक्रारीचा प्रकार निवडायला चार पर्याय आहेत: डेटा एन्ट्री, नेटवर्क, प्रिंटर, प्रशिक्षण. 'आमचा प्रोग्राम चुकला' असा पर्यायच नाही. वर 48 तासांत तक्रार बंद करायचं बंधन. त्या मुलींना मी दोष देणार नाही. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांना देते, आणि ती वर्षानुवर्षं चालवून घेणाऱ्या आम्हालाही.

कोड उघडला. 2011 साली लिहिलेला, जावा 6 च्या काळातला. बिलांची एक ॲरेलिस्ट, म्हणजे जावातली लागेल तशी वाढणारी यादी, आणि तिच्यावर क्रमांकाने फिरणारा लूप, म्हणजे प्रत्येक बिलावर तेच काम पुन्हा करणारा कोड. 'आय' हा जागेचा क्रमांक शून्यापासून सुरू, प्रत्येक फेरीला एकने वाढणार. त्या जागेवरचं बिल शून्य किंवा वजा असेल तर 'रिमूव्ह' करायचं. चारच ओळी. वाचताना डोळ्यांना काही खटकत नाही.

मला ॲरेलिस्ट आवडते. 1998 मध्ये जावा 1.2 बरोबर ती आली आणि आजही जावात काम करणारा माणूस दिवसात सगळ्यात जास्त वेळा तिच्याकडेच जातो. आतमध्ये साधा ॲरे असतो, ओळीने मांडलेले खण. पहिली नोंद टाकली की दहा खणांची जागा घेतली जाते. ती भरली की दीडपट मोठा नवा ॲरे तयार होतो आणि जुन्यातलं सगळं त्यात उचलून ठेवलं जातं. 10, 15, 22, 33, 49, 73, 109, 163, 244, 366. एकेक बिल टाकत गेलं तर 312 सभासदांच्या गावाला 366 खण मिळतात, शेवटचे 54 रिकामे. 'जागा पुरेल का' ही काळजी आपल्याला करावी लागत नाही.

वाढण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. मधलं काही काढलं की काय होतं, ते मात्र विसरलं जातं. ही लिस्ट मध्ये भोक ठेवत नाही. काढलेल्या खणाच्या उजवीकडचं सगळं 'ॲरेकॉपी' ही जावातली आज्ञा एक-एक घर डावीकडे सरकवते. गावच्या डेअरीत रांगेने ठेवलेल्या किटल्यांतली मधली एक उचलली की मागच्या सगळ्या पुढे सरकवतात, तसं.

त्या दिवशी 147 व्या जागेवर एका बाईंचं बिल वजा होतं. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून 'आय' तेव्हा 146. बिल काढलं. 148 वं बिल, त्यांच्या यजमानांचं, सरकून 146 च्या खणात येऊन बसलं. लूपने 'आय' वाढवून 147 केला आणि त्या खणात आता पुढचाच कुणीतरी सभासद होता. यजमानांचं बिल प्रोग्रामने पाहिलंच नाही. ते वजा 840 रुपये घेऊन सरळ बँकेत गेलं.

एकटंदुकटं वजा बिल असेल तरीही पुढच्याची तपासणी चुकतेच, पण तो अधिकमध्ये असतो म्हणून कुणाला कळत नाही. दोन वजा बिलं लागून आली तरच गडबड दिसते. आणि ती लागून येतात कधी? नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ एकाच दिवशी सभासद होतात, त्यांचे कोड क्रमांक शेजारी-शेजारी पडतात. गोठा एक, म्हशी एकदमच आटतात, पोती दोघांच्या नावावर. म्हणजे "एका घरातली दोन माणसं पाठोपाठ" हे अक्षरशः खरं होतं. चूक कुठे आहे ते त्या माणसाने नेमकं सांगितलं होतं, आणि मी ते वाचून पुढे गेले होते.

ते जुनं वाक्य मला तेव्हाच आठवलं. शोधून काढलं, पुन्हा वाचलं. पण बँकेची वेळ चारची होती आणि घड्याळात साडेअकरा झाले होते.

टीममधल्या नव्या मुलाने दुरुस्ती लिहायला घेतली. हुशार आहे, झपाझप लिहितो. त्याने क्रमांकाचा लूप काढून फॉर-ईच घातला, म्हणजे क्रमांक न वापरता एकेक नोंद हातात देणारा लूप. "ताई, आता इंडेक्सच नाही, म्हणजे घसरायचा प्रश्नच नाही." तीन बिलांची चाचणी लिहिली: 2340, वजा 615, 1780. मधलं गेलं, दोन राहिली. चाचणी हिरवी, म्हणजे पास. मीही मान डोलावली.

मग त्या गावचा खरा डेटा लावला आणि प्रोग्राम कोसळला. काँकरंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन, म्हणजे यादीवरून फिरत असतानाच ती बदलली म्हणून जावाने काम थांबवलं.

तो गोंधळला. तीनला चाललेलं 312 ला का चालेना? मी चाचणीत आणखी एक बिल घातलं, आता चार झाली. कोसळला. परत तीनच ठेवली, पण यावेळी शेवटची दोन्ही वजा केली. कोसळला नाही, पण तिसरं वजा बिल यादीत तसंच बसलेलं. जुनी चूक, नव्या कोडमध्ये, काही न बोलता. माझ्या पोटात गोळा आला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. फॉर-ईचच्या पाठीमागे इटरेटर असतो. तो आपण कितव्या जागेवर आहोत ते लक्षात ठेवतो, आणि यादीत आतापर्यंत किती बदल झाले त्याचा आकडाही. पुढचं बिल मागितलं की तो आकडा पडताळतो आणि मध्येच कुणी यादीला हात लावलेला दिसला की एक्सेप्शन टाकतो. पण त्याआधी तो विचारतो, "अजून कुणी आहे का?", आणि हा प्रश्न विचारताना तो बदलांकडे बघत नाही. फक्त आपली जागा आणि यादीची लांबी सारखी आहे का, एवढंच बघतो. तीनमधलं दुसरं काढलं की जागा 2 आणि लांबीही 2. संपली यादी! पडताळणीची वेळच येत नाही, आणि तिसऱ्या बिलाकडे कुणी बघत नाही. शेवटून दुसरं बिल काढलं तरच हे होतं. इतर कुठलंही काढलं, अगदी शेवटचं काढलं तरी, प्रोग्राम कोसळतो. आणि तीन नोंदींच्या चाचणीत आपण सगळे हटकून मधली नोंद काढतो. तीच शेवटून दुसरी असते.

मी आजवर पुष्कळ मुलाखती घेतल्या आहेत. ॲरेलिस्ट आणि लिंक्डलिस्टमधला फरक सांगा, व्हेक्टर आणि ॲरेलिस्टमधला फरक सांगा (लिंक्डलिस्ट आणि व्हेक्टर या जावातल्याच दुसऱ्या याद्या), सुरुवातीची क्षमता किती. मुलं धडाधडा म्हणून दाखवतात: दहा, दीडपट, व्हेक्टर दुप्पट. यादीतली शेजारची दोन बिलं काढून दाखवा, असं मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. बरेच जण तिथे अडखळतात आणि त्यात त्यांचा दोष कमी, शिकवणाऱ्यांचा आणि माझ्यासारख्या विचारणाऱ्यांचा जास्त आहे.

खरी दुरुस्ती एका ओळीची होती. 2014 मध्ये जावा 8 आला तेव्हापासून लिस्टला 'रिमूव्ह-इफ' आहे. अट सांगायची, आधी ती सगळ्यांना तपासून कोण जाणार त्याच्या खुणा करते आणि मग उरलेल्यांना एकदाच सरकवते. तपासताना कुणी जागा बदलत नाही, म्हणून कुणी निसटत नाही. 2011 मध्ये ही सोय नव्हती हे खरं, पण इटरेटरचा स्वतःचा 'रिमूव्ह' तेव्हाही होता. आणि आम्ही जावा 8 वर येऊनही वर्षं लोटली. चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. तो चालतोय असं आम्ही धरून चाललो होतो.

पावणेदोनला नवी फाइल गेली, तीनला बँकेचा होकार आला.

संध्याकाळी मी सचिवांना फोन केला. आधी नातीची चौकशी केली, मग म्हटलं, "तुम्ही चौदा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं ते बरोबर होतं. चूक आमची होती." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही बघितलं असंल. म्हणून परत नाही फोन केला."

इतके दिवस फाइल परत का आली नाही, तेही तेव्हाच कळलं. प्रत्येक बिलाला ते छापील यादी घेऊन बसायचे, वजा रकमा शोधायचे आणि एकेक सभासद 'बिल रोखा' करून हाताने काढायचे. दर दहा दिवसांनी, रात्री. त्याची वही ठेवली होती. ते नसलेल्या पहिल्याच बिलाला आमची चूक बँकेपर्यंत पोचली.

मी वहीचे फोटो मागितले. चौरेघी वही, निळं पेन. तारीख, कोड, रक्कम. सगळीकडे शेजारचे कोड, जोडीतला दुसरा. एका पानावर मात्र तीन कोड होते, 88, 89, 90, त्यातल्या 89 भोवती गोल, आणि समोर लिहिलेलं: "तिघे भाऊ. तिघं असले की मधला राहतो."

मी कागदावर मांडून बघितलं. 88 काढला, 89 सरकला आणि निसटला, 90 पुढच्या फेरीत सापडला आणि गेला. मधला राहतो. आमच्यापैकी एकानेही कोड वाचून हे सांगितलं नव्हतं. ज्याने कोड कधी पाहिला नाही त्याने दिव्याखाली बसून ते शोधलं होतं.

आता आमच्या चाचण्यांत तीन बिलांची यादी नाही. पूर्ण 312 ची आहे, आणि वजा बिलं वहीतल्या जागांवर ठेवली आहेत. 'आमचा प्रोग्राम चुकला' असा पाचवा पर्याय सपोर्टच्या पडद्यावर यावा म्हणून मी दोनदा लिहून दिलंय. अजून आलेला नाही.

11 जूनला सचिवांचा फोन आला. "बिल काढलंय. यादी घेऊन बसलोय. तेवढं त्या तिघांचं एकदा बघा की, मधल्याचं." मी त्यांच्या संस्थेची यादी उघडली. तिघांचीही बिलं वजा होती आणि बँकेच्या यादीत 87 नंतर सरळ 91 होता. त्यांना तसं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग वहीत काट मारतो."