कुणाची तुलना कुणाशी

रविवार, रात्री उशिरा

सांगलीच्या एका कॉलेजातून फोन आला, टीवायच्या पोरांसमोर 'भाषाविज्ञानातलं करिअर' यावर तासभर बोला म्हणे, पीपीटी असेल तर बरं. होकार देऊन टाकला आणि आता लॅपटॉप उघडून बसलीये तर पहिल्याच स्लाइडवर गाडी अडलीये, कारण मी नक्की काय करते हे एका ओळीत लिहायला जमत नाहीये. आईला फोनवर विचारलं, तू लोकांना काय सांगतेस गं माझ्याबद्दल, तर म्हणाली, "सांगते की आदिवासी मुलांना शिकवते." मी कुणालाच काही शिकवत नाही. आत्याच्या मते मी भाषांतरं करते. एका काकांनी तर मागच्या दिवाळीत थेट विचारलं होतं की तुला किती भाषा येतात, मी म्हटलं धड चार, तर त्यांचा चेहरा पडला, एवढं शिकून फक्त चार.

घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी असलेली मुलं वाचायला कशी शिकतात ते मी बघते. बघते म्हणजे काय, तर वर्षातले थोडे दिवस मेळघाटात आणि उरलेले सगळे पुण्यात हेडफोन लावून. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला अख्खी दुपार जाते, कारण पोरगी बोलत असते आणि मागे कोंबडा, पत्र्यावरचा पाऊस, खिचडीच्या ताटांचा आवाज. ईलान नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळी भरत बसायच्या, कोण बोललं, कुठल्या भाषेत, कुठे थांबलं. पोरांना हे दाखवलं तर निम्मी एमपीएससीकडे वळतील. आधीच वळलेली असतात म्हणा.

कुपवाडपासून सुरुवात करीन बहुतेक. पोरं सांगली-मिरजेचीच असणार, त्यांच्यासाठी कुपवाड म्हणजे एमआयडीसी आणि महापालिकेच्या नावातलं तिसरं गाव. मिरजेत वाढून माझंही तेच होतं. आणि मग डेक्कन कॉलेजला एमएला आले तर सिलॅबसमध्ये कुपवाड! जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख, भाषासंपर्क शिकणाऱ्या पोरांना जगात कुठेही गेलं तरी तो वाचावा लागतो. जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, थोडी तेलुगू, आणि चारचौघांत मराठी, हे पिढ्यानपिढ्या चाललेलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं असं की शब्द ज्याचे त्याचे राहिले पण वाक्याची घडण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवत दुसरीत नेता येतं. पुढे चाळीसेक वर्षांनी डेक्कनच्याच सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा पाहणी केली आणि प्रकरण तितकं सरळ नाही हे दाखवलं, पण तो वेगळा विषय. माझी आजी मिरजेच्या मंडईत कन्नडमध्ये घासाघीस करायची, शेजारच्या चाचींशी हिंदी-उर्दूचं काहीतरी बोलायची आणि घरात आम्हाला मराठीत ओरडायची. चौथीपर्यंत शिकलेली. तिला कुणी बहुभाषिक वगैरे म्हटलं नाही, तिला स्वतःलाही वाटलं नसेल.

सोमवार

काल कुपवाडवरच झोप लागली. आज ऑफिसात मोहंतींवरच्या स्लाइड करत बसले आणि जेवायचं राहिलं.

अजित मोहंती हे नाव सांगलीच्या पोरांनी ऐकलेलं नसणार. ओडिशाचे, मूळ मानसशास्त्राचे माणूस, पीएचडी कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात, नंतर बरीच वर्षं जेएनयूत. त्यांचं काम भारी का ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १९२३ मध्ये वेल्समध्ये सेअर नावाच्या माणसाने मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष निघाला की वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं एकभाषिक मुलांपेक्षा मागे असतात. हा फरक फक्त खेड्यातल्या मुलांत दिसला होता, शहरातल्या मुलांत दिसलाच नव्हता, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही आणि दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो हे पुढे चाळीस वर्षं छापून येत राहिलं. अजूनही काही बालवाड्यांत आईबापांना सांगतात की घरी इंग्लिशच बोला, पोर कन्फ्यूज होतं. शंभर वर्षं झाली हो त्याला.

मग १९६२ मध्ये मॉन्ट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी फ्रेंच शाळांतली दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती वगैरे जुळवून घेतली, आणि निकाल फिरला, दोन भाषावाली पुढे. सगळे खूश. पण त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं निवडली होती, मग भाषांमुळे मुलं हुशार झाली का हुशार होती म्हणून दोन भाषा शिकली, हे कसं ठरवणार?

इथे मोहंती येतात. ओडिशात फुलबनीच्या बाजूला कंध आदिवासी राहतात, त्यांची भाषा कुई, द्राविडी कुळातली. काही भागांतल्या कंधांमध्ये कुई सुटत गेली आणि फक्त ओडिया उरली, काही भागांत कुई आणि ओडिया दोन्ही टिकल्या. म्हणजे जमात तीच, सण तेच, गरिबी तीच, फरक काय तो भाषेचा. अशी तुलना प्रयोगशाळेत बनवून मिळत नाही, ती सापडावी लागते, आणि सापडल्यावर ओळखू यावी लागते. त्यांनी या दोन्हीकडची मुलं ताडून पाहिली आणि दोन भाषावाली मुलं भाषेबद्दल विचार करण्यात आणि एकूण चाचण्यांत सरस निघाली. शाळेत न गेलेली मुलंही त्यांनी तपासली होती. १९९४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने या सगळ्याचं पुस्तक काढलं. मी ते एमएच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं आणि तोवर मला ध्वनिशास्त्रात जायचं होतं, ते तिथेच संपलं.

मला त्यांचं आणखी एक आवडतं, ते एवढ्यावर थांबले नाहीत. दोन भाषा येणारं मूल पुढे असतं तर मग आदिवासी मूल शाळेतून का गळतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही आणि उत्तर मुलात शोधायचं बंद करून शाळेत शोधलं. घरची भाषा शाळेच्या दारातच काढून ठेवायची आणि आत जाऊन पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत अक्षरं गिरवायची, हे ज्याच्या वाट्याला येतं ते मूल मागे पडतं. ओडिशात २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून पहिलीपासून शिकवायला सुरुवात झाली त्यात मोहंती आणि त्यांच्यासोबतच्या लोकांच्या कामाचा मोठा हात होता, त्याआधी आंध्रात २००४ मध्ये आठ भाषांत सुरू झालं होतं. आपल्या लेखांचा एखाद्या शाळेवर परिणाम होणं, हे आमच्या धंद्यात फार थोड्यांच्या नशिबी येतं.

मंगळवार

दुपारी एक मैत्रीण म्हणाली, स्लाइडमध्ये मेंदूचं काहीतरी टाक, पोरांना आवडतं. टाकते. तेव्हा हैदराबादच्या निम्स या हॉस्पिटलात असलेल्या सुवर्णा अल्लाडी यांचा २०१३ चा अभ्यास आहे, स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण, त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता आणि हे निरक्षर लोकांतही दिसलं. निरक्षरांतही, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मग ते शिक्षणामुळे झालं असं म्हणता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत पाप आणि ग्रीनबर्ग यांनी कॉलेजच्या पोरांवर चाचण्या घेऊन दाखवलं की एकाग्रता वगैरेमध्ये दोन भाषांचा काही फायदा दिसत नाही, ते भांडण अजून चालू आहे. दोन्ही टाकते. पण मला खरी चीड येते ती याच्या मार्केटिंगची. बाणेरमध्ये पाच वर्षांच्या पोराला फ्रेंच लावतात, 'ब्रेन डेव्हलपमेंट' म्हणून फी भरतात, आणि मेळघाटात धारणीतली पोरगी घरची कोरकू, हिंदी आणि मराठी तिन्हीत वावरते तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा काय, तर 'भाषा: अप्रगत'.

ही पोरगी खरी आहे. दुसरीतली. मराठीचा धडा तिने खडखडीत वाचला, जोडाक्षरांसकट, एकदाही अडखळली नाही. मग मी विचारलं काय झालं गं गोष्टीत, तर गप्प. आमच्या टीममधला गावचाच मुलगा आहे, त्याने कोरकूत विचारलं, तरी गप्प, कारण तिला गोष्ट कळलेलीच नव्हती, तिने फक्त अक्षरांचे आवाज काढले होते. मग त्याने तीच गोष्ट तिला कोरकूत सांगितली आणि म्हटलं आता तू सांग, तर बाई सुरूच झाल्या, मूळ धड्यात नसलेलं एक अस्वलही आलं, शेवट बदलला, आणि मधेच हिंदीत एक डायलॉग टाकला कारण गोष्टीतला दुकानदार हिंदीच बोलणार ना! गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "काय सांगू मॅडम, हे पोट्टे वाचतात मस्त, समजत कायी नाही." गुरुजी वाईट नाहीत. बदली होऊन आलेत, कोरकू कुणी त्यांना शिकवली नाही, आणि वरून पटावरचे आकडे मागणारे रोज फोन करतात.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे तिची नातलग संथाली, मुंडारी, आणि या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची हीच. मराठीशी तिचं नातं नाही, हिंदीशीही नाही. तिच्यात द्विवचन आहे. संस्कृतात द्विवचन आहे म्हणून आम्हाला शाळेत किती कौतुकाने सांगितलं जायचं, आणि इथे सहा वर्षांचं पोर ते रोज बिनचूक वापरतं तर त्याला भाषेत अप्रगत म्हणायचं. हे पोरांसमोर बोलताना माझा आवाज चढतो, जपायला हवं.

आणि प्रश्नोत्तरात हिंदीचं निघणारच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा असा जीआर आला आणि जूनच्या शेवटी मागे घेतला गेला, त्या दोन-अडीच महिन्यांत मला फॅमिली ग्रुपवर जेवढे प्रश्न आले तेवढे अख्ख्या करिअरमध्ये आले नव्हते. सगळ्यांना माझं मत हवं होतं. माझं मत साधं आहे, पहिलीतल्या मुलाला आधी कळणाऱ्या भाषेत वाचू द्या, मग हवी ती भाषा आणा, आणि ते मराठी मुलाला लागू आहे तसंच कोरकू मुलालाही. पहिल्या अर्ध्या वाक्याला अंगठे आले, दुसऱ्या अर्ध्यावर कुणीच काही बोललं नाही, आणि मग मावशीने गुड नाइटचा गुलाब टाकला.

बुधवार, पहाटे

पैशांची स्लाइड ठेवायची का? ठेवते. पोरांना कुणी खरं सांगत नाही. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७ हजार अधिक घरभाडं, ते वेळेवर येईलच असं नाही, पुढे प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट, म्हणजे करार, प्रोजेक्ट संपला की परत सीव्ही. कायमच्या जागा कमी. माझ्या बॅचचे काही आता भाषेचा डेटा लागणाऱ्या आयटी कंपन्यांत आहेत आणि माझ्यापेक्षा बरं कमावतात, त्यांना मेळघाटातल्या एसटीत घाटात उलटी आवरत बसावं लागत नाही. मला अजून हेच करायचंय, का ते नीट सांगता येत नाही. पण सध्या डोक्यात जे चालू आहे ते सांगता येईल.

धारणीच्या पलीकडे हद्द लागते, बुऱ्हाणपूर, खंडवा, मध्य प्रदेश. तिकडेही कोरकू आहेत. सोयरीक इकडची तिकडे होते, होळी तीच, कामाला बाहेर पडणं तेच, घरात भाषा तीच. फक्त इकडच्या पोराला शाळा मराठीत आणि तिकडच्याला हिंदीत, आणि हिंदी तर दोन्हीकडच्या पोरांच्या कानावर बाजारात असतेच. म्हणजे एका बाजूला शाळेची भाषा ओळखीची, दुसऱ्या बाजूला जवळजवळ अनोळखी, आणि बाकीचं बरंच सारखं. मला हे गेल्या पावसाळ्यात धारणीच्या स्टँडवर सुचलं, आणि फुलबनी आठवून काटाच आला अंगावर.

सर म्हणतात इतकं सोपं नाही. पुस्तकं वेगळी, मास्तरांचं ट्रेनिंग वेगळं, दोन राज्यांची खाती वेगळी, तू फरक भाषेचा आहे म्हणशील आणि रिव्ह्यूअर म्हणेल खिचडीचा आहे. बरोबर आहे त्यांचं. पण म्हणून मला तिसरा गट हवाय, हद्दीवरच्या अशा वस्त्या जिथली काही पोरं इकडच्या आश्रमशाळेत जातात आणि काही तिकडे, एकाच घरातली असली तर उत्तमच. अशा वस्त्या किती आहेत ते बसून कळणार नाही, जावं लागेल. प्रपोजलची तारीख महिनाअखेरची आहे, दोन राज्यांच्या परवानग्या लागणार, आणि बजेटच्या कॉलममध्ये मोटरसायकलचं पेट्रोल कुठल्या शीर्षकाखाली टाकायचं हे अकाउंट्सच्या मॅडमना विचारायचंय. त्या साडेदहाला येतात.