कोण बोलतंय?

दुपारी ओटा आवरून फोन हातात घेतला तर पडदा काळा. फोन बंद नव्हता. मेसेज आल्याचं टिंग टिंग चालू होतं, मधूनच थरथरत होता. कुणीतरी शुभ दुपारची फुलं पाठवत असणार. दिसत मात्र काही नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडे उपचार सांगणाऱ्यांना तोटा नाही. ह्यांच्या फोनवरून भाच्याला गाठलं. तो म्हणाला, अर्धा तास चार्जिंगला लाव, बॅटरी पार तळाला गेली की सुरुवातीची काही मिनिटं पडद्यावर काहीच येत नाही. अरे, पण टिंग टिंग करतोय ना तो! मग म्हणाला, अंधारात नेऊन तिरपा टॉर्च मार. एलसीडीच्या पडद्यामागचा दिवा गेला असेल तर चित्र पुसट का होईना दिसतं. मी न्हाणीघरात दार लावून टॉर्च मारत बसले. एवढं झाल्यावर त्याने मॉडेल विचारलं आणि सांगितलं की तुझा ओएलईडी आहे, त्यात मागे दिवा नसतोच, एकेक ठिपका आपापला उजळतो. धन्यवाद.

तोवर शेजारच्या काकू तांदळाचा डबा घेऊन हजर. फोन पाण्यात पडलेलाच नाही, हे त्यांना पटेना. ‘असू दे गं, दमट हवा आहे.’ ॲपलने आपल्या सूचनांत फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड होईल, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. पण काकूंच्या आंबेमोहोरापुढे ॲपलचं काय चालणार? फोन डब्यात तासभर राहून तसाच काळा बाहेर आला. भाताला काय झालं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

माझा स्वतःचा विश्वास चापटीवर. आमच्या पिढीचा असतोच. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, पुण्याला ते सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुढच्या वर्षी दिसायला लागलं आणि आमच्या घरी टीव्ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. सरकत्या दारांचा लाकडी खोका. त्याला डाव्या अंगाला, वरून वीतभर खाली, एक चापट लागायची. वडिलांनाच ती जमायची. आम्ही मारली तर चित्र आणखी पळायचं.

एका रविवारी सिनेमा ऐन रंगात असताना चित्र गेलं आणि आवाज राहिला. वडील गावाला. खोलीत वाड्यातली सगळी बिऱ्हाडं. चापटा मारून झाल्या, एक जण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून आला, ‘आलं का?’ ‘नाही!’ झालं, आणि लोक उठायला लागले. तेव्हा कोपऱ्यातून आजी म्हणाली, ‘बसा की. आता तर ती परत आलीय.’ आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सिनेमा ती रोजच असा बघायची. ‘बांगड्या वाजल्या, ऐकलं नाहीत? दार लावून घेतलं तिनं. सासरा आलाय, काठी टेकतोय.’ पुढचा सगळा सिनेमा आजीने आम्हाला सांगितला. तो मी नंतर कधीतरी नीट पाहिला तेव्हा सासऱ्याच्या हातात काठी नव्हती, छत्री होती. बाकी सगळं बरोबर.

तर फोन. ओएलईडीला चापट मारायची छाती झाली नाही. शेवटी भाच्याचा अखेरचा उपाय केला: पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धर, लोगो दिसला की सोड. लोगो दिसणार कुठे, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. फोन थरथरला, म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि मग टिंग टिंगही थांबलं. पिन टाकल्याशिवाय मेसेज जागे होत नाहीत म्हणे, आणि पिन टाकायचा तर पडदा हवा. फोन मात्र येतात. म्हणजे लाख उद्योग करणाऱ्या त्या यंत्रात आता फक्त टेलिफोन उरला होता.

तो वाजला. उचलायचा कसा? ड्रॉवरच्या तळाशी वायरवाले जुने इअरफोन होते, त्यांच्या वायरीवर बटण असतं. ते दाबलं आणि तोंडातून आपोआप आलं, ‘हॅलो, कोण बोलतंय?’

किती वर्षांनी विचारत होते मी हे! एरवी नाव बघायचं आणि ठरवायचं. माझी ती खोड आहे, फोन वाजत असताना त्याच्याकडे टक लावून बसायचं, दमून गप्प होईपर्यंत. पूर्वी ही चैन नव्हती. आमच्या लग्नपत्रिकेवर तर शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर होता. हाक आली की पदराला हात पुसत धावायचं, कुणाचा, कशाला, काही ठाऊक नाही. त्या दुपारी तसेच सगळे घेतले. कुरिअरवाला. कर्ज हवंय का विचारणारी एक मुलगी, तिच्याशी मी इतकं बोलले की तिनेच आवरतं घेतलं.

मग एक बारीक आवाज. ‘अगं, मी.’

‘कोण बोलतंय?’

‘मी गं.’

मला कळेना. तिसऱ्यांदा विचारावं लागलं, तेव्हा ती म्हणाली, ‘आत्याला ओळखत नाहीस होय?’

आत्याचा फोन म्हणजे पाऊण तास, म्हणून तो मी बरेचदा वाजू देते. पण घेते तेव्हा ती मला नेहमीसारखीच ऐकू येते, वाड्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारणारी. पडद्यावर नाव वाचून मी तो जुनाच आवाज ऐकत होते की काय, कोण जाणे. हा आवाज असा कधीपासून झाला, हे तिला विचारायची सोय नव्हती. तिने तांदळाला कीड लागू नये म्हणून काय घालायचं ते सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. पोराने मागचं झाकण तापवून उघडलं, पट्टी काढून परत बसवली, फुंकर मारली. ‘फोल्डर, म्हणजे पडदाच गेलाय, मॅडम. ओरिजिनल टाकू की कॉपी?’ ओरिजिनलच्या किमतीत अर्धा नवा फोन आला असता. म्हटलं, कॉपी टाक, सावकाश टाक, घाई नाही. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. तासाभरात फोन हातात. रंग थोडे निळसर वाटतात, पण सवय होते म्हणाला.