तुम्ही विचारलंत म्हणून: पण स्टेनच का?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाची वाटी हातात घेऊन कोणी ना कोणी विचारतंच, "तुमच्याकडे खरी मशीनगन आहे म्हणे?" पुढचा प्रश्न वयावर ठरतो. पोरं विचारतात, पहिली घ्यायची तर कोणती घेऊ. त्यांच्या आया विचारतात, पण कशाला? इतकी वर्षं मी दोघांनाही हसून टाळलं. आता एकदाच लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी मोदक तरी सुखाने खाता येईल.

आधी पोरांसाठी. टेक्सासात लायसन्स लागत नाही. लागतो तो केंद्र सरकारचा कर आणि त्यांच्याकडची नोंद. 1934 साली कर 200 डॉलर ठरला. तेव्हा तेवढ्यात जवळपास एक थॉमसन मशीनगन यायची. मशीनगनवर आजही तेवढाच कर आहे. फॉर्म 4 भरा, फोटो आणि बोटांचे ठसे द्या, एटीएफची, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची, मंजुरी येईपर्यंत वाट बघा. तोवर पैसे तुमचे गेलेले आणि बंदूक विक्रेत्याच्या तिजोरीत. 19 मे 1986 नंतर बनलेली मशीनगन तुमच्याआमच्यासारख्याला घेताच येत नाही, त्यामुळे माल वाढत नाही आणि भाव उतरायचं नाव घेत नाही.

शहाणा माणूस पहिली एम-16 घेतो. नोंद असते ती रिसीव्हरची, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याची; बाकीचे भाग झिजले तर बदलता येतात, आणि एम-16 चे भाग कुठेही मिळतात. खिसा हलका असेल तर मॅक-11, तीही दहा हजार डॉलरच्या पुढेच. मिनिटाला हजाराच्या वर गोळ्या, म्हणजे बत्तीसचं मॅगझिन दीड-दोन सेकंदांत संपतं आणि आपण नेमकं काय केलं हेही कळत नाही.

मी घेतली स्टेन मार्क 2. दिसायला नळकांडं. मॅगझिन डाव्या बाजूला आडवं, वेल्डिंगचे ओघळ पुसायचीही तसदी कोणी घेतलेली नाही. ट्रिगरच्या वर एक आडवं बटण: इकडून दाबलं की 'आर', एकेक गोळी, तिकडून दाबलं की 'ए', सगळ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ही घाईघाईत, लाखांनी काढली. माझी तर रणांगणावरून आलेलीही नाही. जुन्या सुट्या भागांना अमेरिकेत नवी नळी जोडून 1986 च्या आधी नोंदवलेली आहे. पक्के संग्राहक तिच्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत.

आता आयांसाठी. बायकोला मी सांगितलं होतं, गुंतवणूक आहे. मित्रांना सांगितलं, इंजिनिअरिंगचा नमुना आहे. दोन्ही खरं आहे, पण त्यासाठी मी बंदूक घेतली नाही. आमचे आबा सशस्त्र पोलिसात होते. आधी स्टेन, मग कानपूरला बनलेली कार्बाइन त्यांच्या खांद्यावर असायची. बंदोबस्ताच्या गाडीत चढताना लांबून दिसायची, तेवढीच. एकदा हात लावायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं, ते बाजूला केलं आणि गाडीत चढले. एक शब्द बोलले नाहीत.

पुढे ते सत्तरी ओलांडून टेक्सासला आले, तेव्हा मी त्यांना रेंजवर नेलं. खूश होतील असं वाटलं होतं. टेबलावर स्टेन ठेवली. आबांनी चष्मा वर सरकवला, मॅगझिन काढलेलं आहे ना ते पाहिलं, बोल्ट मागे ओढून आत वाकून बघितलं, आणि मला न विचारता बंदूक खोलायला घेतली. दस्ता, स्प्रिंग, बोल्ट, सगळं निघालं त्या क्रमाने टेबलाच्या कडेला मांडलं. प्रत्येक भागावरून अंगठा फिरवला. परत जोडली. मग बटण दाबून 'आर'वर आणलं.

मी ओरडलो, "आबा, 'ए'वर करा ना! त्यासाठीच तर घेतलीये." त्यांच्या कानांवर मफ्स होते. ऐकू आलं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्यांना पाच गोळ्या दिल्या होत्या. पाचही एकेक करून झाडल्या. बंदूक खाली ठेवली आणि ते उकिडवे बसून पुंगळ्या वेचायला लागले. तिथे फरशीवर लोकांच्या पुंगळ्यांचा सडा पडलेला, त्यातल्या निम्म्या 9 मिलिमीटरच्याच. आजूबाजूचे बघायला लागले. मला लाज वाटली, हे लिहायला हवं.

"चारच हायत," आबा म्हणाले.

"आबा, इथे कोणी मागत नाही."

त्यांनी मान वर केली. "मागत नाही म्हंजे?"

एकेक पुंगळी उचलायची, बुडावरचा शिक्का बघायचा, टाकून द्यायची. शेवटी पाचवी सापडली, शेजारच्या टेबलाखाली. पाचही माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "मोजून घे."

गाडीत बसल्यावर आपणहून बोलले. एका गावात गोळीबाराचा हुकूम झाला होता. नंतर एक पुंगळी कमी भरली. अंधार पडेपर्यंत सगळ्यांना गटारात शोधायला लावलं. "गोळी कुणाला लागली, कुणी इचारलं नाही. पुंगळी इचारली." मग म्हणाले, "चहा मिळंल का कुठं?"

ते गेल्यावर मी मनाशी पुष्कळ वाद घातला. माझाही हिशोब आहेच की. माझी बंदूक नंबरानिशी सरकारदरबारी लिहिलेली आहे. राज्याबाहेर न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. बायकोचं नाव नोंदणीत नाही, म्हणून तिजोरीचा आकडा तिला सांगितला, तर बंदूक तिच्या ताब्यात दिली असं कायदा धरू शकतो. बंदूक एका ट्रस्टच्या नावावर करून त्यात तिचं नाव घालू म्हटलं, तर म्हणाली, "या कामाला मी बोटांचे ठसे देणार नाही." एका घरात राहतो आणि एक कपाट तिच्यासाठी बंद. याहून कडक हिशोब तो काय?

पण तो हिशोब बंदुकीचा झाला, गोळीचा नाही. हे कळतं मला.

एका बाईंनी तोंडावर विचारलं, "तुकाराम ओंबळेंनी जी नळी अंगावर घेतली, त्या जातीचं घरात ठेवता?" मी सांगितलं की नोंदणी केलेल्या मशीनगनने गुन्हे जवळजवळ होतच नाहीत. 1988 चं ओहायोतलं एक ठळक प्रकरण आहे, आणि त्यात मारणारा पोलिसच होता. शब्दन् शब्द खरा. त्या म्हणाल्या, "मी आकडे नाही विचारले." हेही खरंच. दांडपट्टे जमवणाऱ्याला खंडेनवमीला हार घालता, आणि मला हे विचारता, असं तेव्हा जिभेवर आलं होतं. बोललो नाही. पट्ट्याने मेलेल्यांना ओळखणारं कोणी आज हयात नाही. ओंबळेंना ओळखणारे आहेत.

विकून का टाकत नाही? ते आबांनाही विचारलं होतं. म्हणाले, "मला काय इचारतो? माझी हाय का?" अजूनही रेंजवर जातो, आणि 'ए'वरही चालवतो. मजा येते. येत नाही म्हटलं तर खोटं होईल. पुंगळ्या मात्र वेचून आणतो, आणि रेंजवरची माणसं समजतात की मी पितळ विकतो.

मुलीला सांगून ठेवलंय: माझ्यामागे फॉर्म 5 भरलास की वारस म्हणून तुला कर पडणार नाही. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी विकेन. वीक म्हटलं, पण आधी भाव काढ, घाईत देऊ नकोस. आणि पोरांनो, तुम्ही एम-16 च घ्या.