एका 'नाही'ला दोन शब्द

फ्रेंच शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. साधं 'नाही' म्हणायला 'न' आणि 'पा' असे दोन शब्द कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

'पा' म्हणजे मुळात पाऊल. आजही पावलाला तोच शब्द आहे, स्पेलिंगही तेच. जुन्या फ्रेंचमध्ये नकाराला एकटा 'न' पुरायचा. जोर द्यायचा असला की 'पाऊलभरही चालत नाही', 'थेंबभरही पीत नाही', 'कणभरही खात नाही' अशी जोड मिळे. आपण 'तसूभरही हलला नाही' म्हणतो ना, तसंच. आपला तसू तिथेच थांबला. तिकडे मात्र थेंब आणि कण मागे पडले आणि 'पाऊल' कुठल्याही क्रियापदाबरोबर येऊ लागलं, चालण्याशी संबंध असो वा नसो. आता तर बोलताना 'न' गळूनच जातो: 'ज मांज पा', मी खात नाही. सगळा नकार पावलावर! नकाराचा हा फेरा ओटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने 1917 साली अनेक भाषांमधून दाखवला.

मला मात्र वेड लावलं ते 'पा'च्या जागेनं. 'ज न मांज पा' यात क्रियापद 'पा'च्या आधी येतं. 'न खाणं' म्हणायचं तर 'न पा मांजे', म्हणजे क्रियापद नंतर. दोन्ही फळ्यावर एकाखाली एक लिहा. 'पा' जागचा हललेला नाही. काळाचा आणि पुरुषाचा प्रत्यय लागलेलं क्रियापदच त्याला ओलांडून पुढे आलंय. 'सुव्हां', म्हणजे 'वारंवार', या शब्दालाही ते असंच ओलांडतं. इंग्रजीत 'ऑफन' मुख्य क्रियापदाच्या आधीच राहतो. जां-इव्ह पोलॉक या भाषाशास्त्रज्ञाने 1989 च्या गाजलेल्या लेखात हाच फरक धरून मांडलं की फ्रेंच क्रियापद वाक्याच्या रचनेत वर चढतं, म्हणजे आधीच्या जागी जातं, इंग्रजीचं चढत नाही. आणि काळ व पुरुष-वचन यांची घरंही, म्हणजे रचनेतल्या जागा, वेगवेगळी असतात. त्या दोन घरांवरून पुढे बराच वाद झाला. क्रियापद हलतं, याचा पुरावा मात्र मला आजही भक्कम वाटतो.

आपल्या मराठीत क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे ते हललं की नाही हे सहजी दिसत नाही. म्हणून कुणी वहीत 'ज न पा मांज' लिहिलं, की मी नुसती फुली मारत नाही. त्यावर 'न पा मांजे' लिहायला लावते आणि विचारते, कोण हललं?